तोफांचे नांगर करणारा यांत्रिक

पहिल्या महायुद्धाच्या काळात पन्हाळगडावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी एका कारखानदाराच्या स्वाधीन केल्या. तोफांना विचारणारे कोणी उरले नव्हते आणि परदेशातून येणारे कच्चे लोखंड युद्धामुळे बंद झाले होते. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांच्या ओतीव लोखंडातून शेतकऱ्यांसाठी नांगर तयार झाले. हे करणारा माणूस म्हणजे किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. आद्य भारतीय उद्योजकांपैकी एक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु हाताशी असलेल्या, इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून यंत्र उभे करणारा यांत्रिक ही त्यांची ओळख अधिक मूलगामी आहे, आणि आजच्या तरुण पिढीला ती अधिक उपयोगी पडणारी आहे.

आज घरच्या घरी लहान पवनचक्की उभारण्याची हौस अनेकांना लागलेली दिसते. भंगारातील मोटारीचा अल्टरनेटर, जुन्या पंख्याची मोटर, पीव्हीसी नळ उभा चिरून केलेली पाती, सायकलचे चाक आणि पाण्याच्या नळाचा खांब एवढ्या सामग्रीवर दोन-चार दिवे लावण्याचे स्वप्न पाहिले जाते. ते स्वप्न हास्यास्पद मुळीच नाही. जगातील पहिल्या पवनविद्युत यंत्रांपैकी काही अशाच घरगुती खटाटोपातून जन्मली. मात्र अशी यंत्रे का चालतात आणि का बंद पडतात, हे समजून घ्यायचे असेल तर लक्ष्मणरावांच्या चरित्राइतका चांगला वाटाड्या मराठी मुलखात दुसरा सापडणे कठीण आहे. त्यांनी सायकली दुरुस्त केल्या, पवनचक्क्या उभारल्या, कडबा कापण्याची यंत्रे केली, नांगर ओतले आणि ते स्वीकारले जाईपर्यंत वाट पाहण्याचे धैर्यही दाखविले.

रंगांनी नाकारलेला चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यांत्रिक वस्तूंशी खेळणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात या दोन्ही आवडींना भविष्य नव्हते. शिक्षण घ्यावे, सरकारी नोकरी धरावी आणि निवृत्तिवेतनाच्या आधारे उरलेले आयुष्य काढावे हा सरळ मार्ग मानला जाई. ज्येष्ठ बंधू रामूअण्णा यांनी मात्र धाकट्या भावाचा कल ओळखला आणि त्यांच्या पाठबळावर लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले.

तेथे त्यांच्या आयुष्याला पहिला मोठा धक्का बसला. त्यांना काही रंगांमधील भेद नीट ओळखता येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला अंशतः रंगांधळेपणा असणे म्हणजे गायकाचा स्वरज्ञानाशी संबंध तुटण्यासारखेच होते. दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे याचा हिशेब केला. रंग गेले होते, पण रेषा शाबूत होती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. त्यात रंगाला स्थान नसते. माप, कोन आणि प्रमाण यांनाच महत्त्व असते. गमावलेल्या गोष्टीचा शोक न करता उरलेल्या गोष्टीतून काम उभे करण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील आयुष्यात वारंवार दिसते. टाकाऊ लोखंडाकडे त्यांनी ज्या दृष्टीने पाहिले, त्याच दृष्टीने त्यांनी तरुणपणी स्वतःकडेही पाहिले होते.

यांत्रिक रेखाटनाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापकाची जागा मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली होती. शिकवण्याबरोबरच तेथील यंत्रे हाताळणे आणि ग्रंथालयातील तांत्रिक पुस्तके वाचणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. यंत्राचा प्रत्येक भाग कशासाठी आहे, तो काढला तर काय बिघडेल आणि त्याच्या जागी दुसरे काय बसवता येईल, हे मात्र त्यांना कळू लागले. भंगारातून काही घडवू इच्छिणाऱ्याला पदवीपेक्षा या ज्ञानाची निकड अधिक असते, कारण सुटा भाग विकत घेणाऱ्याला त्याचे नाव माहीत असले तरी पुरते. पर्यायी भाग बसवणाऱ्याला त्याचे कार्य माहीत असावे लागते.

सायकल, पवनचक्की आणि बेळगाव

मुंबईच्या रस्त्यावर त्या काळी सायकल ही अपूर्वाईची वस्तू होती. एका पारशी गृहस्थाला ती चालवताना पाहून लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे झाले. ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला रामूअण्णांकडे पाठवू लागले. रामूअण्णा त्या विकत आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. विक्रीबरोबर शिकवणी आणि दुरुस्ती यांची सांगड घालणारी ही व्यापाराची रीत पुढे किर्लोस्करांच्या प्रत्येक उद्योगात टिकली. घेणाऱ्याला वस्तू वापरता आली पाहिजे आणि मोडली तर ती जवळपास दुरुस्त झाली पाहिजे, ही जाणीव या छोट्याशा दुकानात रुजली.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. घर चालवणारे नियमित वेतन सोडून अनिश्चिततेत उडी घेणे हे त्या काळात वेडेपणाचेच मानले गेले असणार. पत्नी राधाबाई यांनी ही अनिश्चितता त्यांच्या बरोबरीने सोसली. बेळगावात दोघा भावांनी एक लहानसा कारखाना थाटला. ज्या रस्त्यावर त्यांचे काम चाले, तो आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

याच काळात सायकलींच्या जोडीने अमेरिकन बनावटीच्या पवनचक्क्या विकण्याचे व उभारण्याचे कामही त्यांनी केले. या पवनचक्क्या वीज निर्माण करणाऱ्या नव्हत्या. त्या विहिरीतील पाणी उपसत. अमेरिकेत डॅनियल हॅलडे याने १८५४ मध्ये वाऱ्याच्या वेगानुसार स्वतःला सावरून घेणाऱ्या अशा चक्कीचे पेटंट घेतले होते आणि तेथील कुरणांवर व रेल्वे स्थानकांवर पाणी चढवण्यासाठी तिचा मोठा प्रसार झाला होता. तिच्या चक्राला अनेक रुंद पाती असतात. ती सावकाश फिरते, पण मंद वाऱ्यातही सुरू होते आणि पंपाचा दट्ट्या उचलण्यास लागणारा जोर देते. वरून साधी दिसणारी ही रचना एका मूलभूत नियमावर उभी आहे. काम कोणते करायचे, त्यावरून पात्यांची संख्या ठरते. पाणी उपसायचे असेल तर जोर हवा, म्हणून पाती पुष्कळ. वीज करायची असेल तर वेग हवा, म्हणून पाती दोन किंवा तीन.

त्याच वर्षांत परदेशात काय चालले होते

लक्ष्मणराव मुंबईत यंत्रविद्येची पहिली पावले टाकत होते, त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाचे एक प्राध्यापक आपल्या सुट्टीतील घराच्या बागेत एक चक्की उभारत होते. ग्लासगो येथे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या ब्लाइथ यांनी १८८७ च्या जुलैमध्ये मेरीकर्क या आपल्या जन्मगावी कापडी शिडांची पवनचक्की बांधली, तिला डायनामो जोडला, वीज संचायक घटांत साठवली आणि घरात दिवे लावले. वाऱ्यावर निर्माण केलेल्या विजेने उजळलेले ते जगातील पहिले घर मानले जाते. उरलेली वीज गावचा रस्ता उजळण्यासाठी देऊ केली असता ग्रामस्थांनी ती सैतानाची करणी समजून नाकारली. ब्लाइथ यांची चक्की मात्र त्यांच्या घराला सुमारे पाव शतक प्रकाश देत राहिली.

पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतील मोंटाना प्रांतात मार्सेलस जेकब्ज आणि त्यांचे बंधू जो यांनी आपल्या एकाकी कुरणावर असाच प्रयोग केला. प्रथम त्यांनी पाणी उपसणाऱ्या चक्कीचे अनेक पात्यांचे चक्र आणि जुन्या फोर्ड मोटारीचा मागील आस एकत्र जोडून वीज करून पाहिली. वेग अपुरा पडला. मग त्यांनी विमानाच्या पंख्यासारखी तीन पाती घेतली आणि ते यंत्र इतके टिकाऊ निघाले की त्यातून मिनियापोलिस येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. जेकब्ज बंधूंना जे करून पाहिल्यावर उमगले, तेच पात्यांच्या संख्येचे गणित वर सांगितले आहे. टाकाऊ वस्तू वापरणे हा त्यांच्या कामाचा आरंभ होता. प्रयोग फसल्यावर कारण शोधणे हा त्याचा गाभा होता.

न विकले गेलेले नांगर

बेळगावच्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली. त्यानंतर लक्ष्मणरावांचे लक्ष नांगराकडे गेले. आपल्याकडील पारंपरिक लाकडी नांगर जमीन उकरतो, पण ती पलटवत नाही. हरळी आणि कुंद्यासारखी खोल मुळांची तणे त्याला दाद देत नाहीत. लोखंडी नांगराचा वाकडा पंखा मातीचा थर उचलून उलटा करतो. तणांची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात. परदेशी लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते परक्या मातीसाठी आणि परक्या जनावरांसाठी घडवलेले होते. लक्ष्मणरावांनी इथल्या बैलांची ताकद, इथल्या शेतकऱ्याची सवय आणि इथल्या लोहाराला करता येईल अशी दुरुस्ती यांचा विचार करून नांगर तयार केला. १९०३ हे त्यांच्या पहिल्या लोखंडी नांगराचे वर्ष.

नांगर झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष कालवले जाते, पीक बुडते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. मेरीकर्कच्या ग्रामस्थांना विजेचा दिवा जसा अमंगळ वाटला, तसाच कर्नाटक सीमेवरील शेतकऱ्यांना लोखंडाचा फाळ अमंगळ वाटला. पहिले काही नांगर विकले जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. कारखान्यात तयार माल पडून आहे, भांडवल त्यात अडकले आहे आणि जवळच्या माणसांच्या नजरेत प्रश्न आहेत, अशा अवस्थेतील दोन वर्षे किती दीर्घ असतात, याची कल्पना कोणाही लहान उद्योजकाला करता येईल.

शेतकरी अडाणी आहे असा निष्कर्ष काढून लक्ष्मणराव मोकळे होऊ शकले असते. शेतकऱ्याची भीती निराधार असली तरी त्याची सावधगिरी निराधार नव्हती. वर्षाचे एकच पीक हाती येणाऱ्या माणसाला प्रयोग फसणे परवडत नाही. ज्याने बियाणे, बैल आणि बायकोचे दागिने पणाला लावून शेती केली आहे, त्याला नवे यंत्र प्रत्यक्ष शेतात चाललेले दिसले पाहिजे. ते दिसू लागले तसतसा नांगराचा प्रसार झाला. एका शेतातील काम पाहून शेजारच्या शेतातून मागणी आली आणि काही वर्षांतच किर्लोस्कर हा शब्द नांगराला समानार्थी होऊन बसला.

माळरानावरील वसाहत

नांगराला बरे दिवस येऊ लागले तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडणे भाग पडले. यंत्रे, माणसे आणि मागण्या होत्या. पाय ठेवायला जमीन नव्हती. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कलेबरोबर कारागिरीचीही त्यांना कदर होती. औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांशी त्यांचा परिचय दृढ झाला होता. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. रंग हरवलेला चित्रकार आणि राजपद सांभाळणारा चित्रकार यांच्या या भेटीतून महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे एक पान लिहिले गेले.

ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला आणि सापांचा वावर असलेला माळ होता. १९१० च्या मार्चमध्ये तेथे किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. माळ साफ करणे, राहुट्या व खोपटी उभारणे, पाण्याची सोय करणे आणि कारखाना सुरू करणे ही कामे एकाच वेळी चालली. रामूअण्णांनी वसाहतीच्या व्यवस्थेचा भार उचलला. लक्ष्मणरावांनी भोवती जमवलेली माणसे पाहिली तर त्यांच्या स्वभावाची साक्ष पटते. शंभोराव जांभेकर हे एकाच वेळी यंत्रज्ञ आणि प्रसंगी रुग्णसेवकही होते. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्ररचनाकार ठरले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे तुरुंगवास भोगून आलेले दोघे वाडीचे विश्वासू रखवालदार झाले.

समाजाने ज्यांच्यावर निरुपयोगी असा शिक्का मारला होता, अशी माणसे येथे उपयोगी ठरली. जातिभेद आणि अस्पृश्यता यांना वसाहतीत थारा द्यायचा नाही हा लक्ष्मणरावांचा निर्धार होता. ज्या काळात गावोगावच्या विहिरी जातीनुसार वाटलेल्या होत्या, त्या काळात हा निर्धार केवळ उदार विचार म्हणून राहत नाही. रोजच्या जगण्यात तो निभावून न्यावा लागतो. टाकाऊ ठरवलेल्या धातूत गुण शोधणारी दृष्टी माणसांच्या बाबतीतही तितकीच स्वच्छ होती.

युद्ध, कोळसा आणि तोफा

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ज्या सामग्रीवर कारखाना चालत होता, तिचे एकेक दार बंद होऊ लागले. कच्चे लोखंड मिळेना, भट्टीसाठी लागणारा दगडी कोळसा येईना, नांगराला लावायचा रंगही दुर्मीळ झाला. नांगराची मागणी तर वाढत होती. लक्ष्मणरावांनी प्रत्येक अडचणीचे स्वतंत्र उत्तर शोधले. रंग वाडीतच तयार करण्याची व्यवस्था केली. दगडी कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा वापरण्यास सुरुवात केली. हे बदल वाटतात तितके सोपे नसतात. लाकडी कोळसा दगडी कोळशापासून केलेल्या कोकपेक्षा ठिसूळ असतो. वरच्या लोखंडाच्या भाराखाली त्याचा चुरा होतो आणि भट्टीतील हवेची वाट अडते. म्हणून तो वापरायचा तर भट्टी भरण्याची रीत आणि हवेचा झोत यांचा नव्याने मेळ बसवावा लागतो. भट्टीचे अंतरंग ज्याला माहीत आहे, त्यालाच हे जमते.

उरला प्रश्न लोखंडाचा. त्याचे उत्तर गडकोटांवर होते. ओतीव लोखंडाचा एक मोठा गुण असा की ते पुनःपुन्हा वितळवता येते आणि नव्या साच्यात नवा आकार घेते. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील तोफा दिल्या आणि कारखान्याची भट्टी पेटती राहिली. एका छत्रपतींचे औदार्य आणि एका यांत्रिकाची कल्पकता यांच्या संगमातून युद्धाची साधने शेतीची साधने झाली, तीही जग युद्धात होरपळत असताना. या घटनेतील काव्य कोणाच्याही ध्यानात येईल. लक्ष्मणरावांच्या दृष्टीने तो प्रथम पेरणीच्या हंगामाचा प्रश्न होता. नांगर वेळेवर गेला नाही तर शेतकऱ्याचे वर्ष वाया जाणार होते.

युद्ध संपल्यावर उद्योग झपाट्याने वाढला. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. उसाचे चरक, हातपंप, पाणी उपसण्याचे यांत्रिक पंप, तेलावर चालणारी इंजिने, लोखंडी फर्निचर असा पसारा विस्तारला. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या किर्लोस्कर खबर या पत्रातून पुढे किर्लोस्कर मासिकाचा वृक्ष वाढला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्र शिकून आले आणि त्यांच्या हाती हा उद्योग हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी पसरला. गोव्यातील कुळागरांत आणि भाटांत पाणी खेळवणाऱ्या पंपांवर हेच नाव अनेकांनी वाचले आहे.

वाऱ्याचे गणित

या विस्तारात पवनचक्क्या मात्र मागे पडल्या. याला कारण होते. वारा शेतकऱ्याच्या सोयीने येत नाही. इंजिन मात्र हवे तेव्हा चालू होते. पिकाला पाणी हवे त्या दिवशी वारा पडला तर चक्की उभीच राहते. तरीही बेळगावच्या त्या सुरुवातीच्या कामातील विवेक आज पुन्हा कामाचा ठरतो आहे. घरी पवनचक्की करू पाहणाऱ्याने लक्ष्मणरावांच्या रीतीने विचार केला, तर तो प्रथम बाजारात न जाता आपल्या गावचा वारा मोजील.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. दोन मीटर व्यासाचे चक्र घेतले आणि वारा सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहत असला, तर त्या चक्रातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे ५० वॉट शक्ती असते. त्यातील ५९ टक्क्यांहून अधिक कोणतेही चक्र घेऊ शकत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे. घरगुती यंत्राच्या हाती ३० टक्के लागले तरी पुष्कळ झाले, म्हणजे जेमतेम १५ वॉट. तोच वारा सेकंदाला सहा मीटर झाला तर तेच यंत्र सुमारे १२० वॉट देऊ शकते. मांडवीच्या मुखाशी उभारलेले यंत्र आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, बालाघाट जिल्ह्यातील हट्ट्यासारख्या गावात उभारलेले यंत्र सारखेच असले, तरी त्यांचे उत्पन्न सारखे असणार नाही. जुन्या दगडी बावडीसाठी प्रसिद्ध असलेल्या हट्ट्यात मराठी आणि हिंदी मुलखांची सीमा मिळते. अशा अंतर्भागातील गावी समुद्रकाठचा मोकळा वारा नसतो. तेथे विजेच्या मोहात न पडता मंद वाऱ्यात फिरणारी, अनेक पात्यांची पाणी उपसणारी चक्की अधिक शहाणपणाची ठरू शकते, आणि खांब झाडांच्या शेंड्यांहून उंच नेणे हे पाती गुळगुळीत करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

भंगारातील भागांनाही असेच प्रश्न विचारावे लागतात. मोटारीचा अल्टरनेटर मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांच्या अपेक्षेने बनवलेला असतो. मंद फिरणाऱ्या चक्राला तो थेट जोडला तर वीज येत नाही, शिवाय त्याच्या चुंबकक्षेत्रासाठी आधी बॅटरीतून प्रवाह द्यावा लागतो. छताच्या पंख्याची मोटर आहे तशी फिरवून वीज देत नाही. तिच्या फिरत्या भागात कायमचुंबक बसवावे लागतात. वादळात चक्र वाऱ्यापासून तोंड फिरवून घेईल अशी शेपटीची रचना नसेल, तर पाती तुटून माणसाच्या जिवावर बेततात. वस्तू फुकट मिळाली म्हणून यंत्र स्वस्त होत नाही. तिचे कार्य समजून घेण्यात जी मेहनत जाते, ती त्याची खरी किंमत असते. ती किंमत मोजण्याची तयारी असलेल्यालाच पन्हाळ्याच्या तोफेत नांगर दिसतो.

उरलेला वारसा

लक्ष्मणरावांनी २६ सप्टेंबर १९५६ रोजी जगाचा निरोप घेतला. तोवर देश स्वतंत्र झाला होता, औंधचे संस्थान विलीन झाले होते आणि निवडुंगाच्या माळावर गजबजलेली वसाहत उभी होती. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक शेतात आहे. ज्या काळ्या जमिनीत हरळीने ठाण मांडले होते, ती जमीन त्यांच्या नांगराने उलटली आणि पेरणीखाली आली.

त्यांच्या चरित्रातून आजच्या यंत्रवेड्या तरुणाने घ्यावे असे पुष्कळ आहे. अभावाचे भांडवल करणे म्हणजे दारिद्र्याचे कौतुक करणे नव्हे, हे त्यांनी दाखवले. त्यांना उत्तम पोलाद, उत्तम कोळसा आणि उत्तम यंत्रे हवीच होती. ती मिळताच त्यांनी घेतली. मात्र ती नाहीत म्हणून त्यांनी हात बांधून वाट पाहिली नाही. आपले यंत्र नाकारणाऱ्या माणसाशी त्यांनी भांडण मांडले नाही आणि त्याची समजूत पटेपर्यंत यंत्रही मागे घेतले नाही.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील ढालगावच्या परिसरात आणि शेजारच्या साताऱ्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे या पठारांवर आता वीज निर्माण करणाऱ्या भव्य पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्यांची पाती तीन आहेत, कारण त्यांना वेग हवा आहे. त्या पठारांवर आहेत, कारण तेथे वारा आहे. बेळगावात पाणी उपसणाऱ्या चक्क्या उभ्या करणाऱ्या त्या यांत्रिकाने त्यांच्याकडे पाहिले असते, तर तिचा कोणता भाग कशासाठी आहे आणि तो मोडला तर गावातील लोहाराला दुरुस्त करता येईल का, एवढेच त्याने बहुधा विचारले असते.